जखम धुण्याचा काढा आणि निंब-हळदीचं तेल: घरी करताना क्रम कुठं चुकतो

ऊसतोड सुरू झाली की कोयत्याच्या निसटत्या घावांचे, पाचटानं चिरलेल्या हातांचे, सरीत पडून सोललेल्या गुडघ्यांचे दिवस येतात. बेळगावच्या सीमाभागात चिकोडी-रायबागच्या उसापासून खानापूरच्या रानापर्यंत घरोघरी उपाय ठरलेले असतात. कुणी हळद दाबतं, कुणी पाला चोळतं, कुणी तेल सोडतं. यातलं बरंचसं औषध खोटं नाही, चुकतो तो क्रम. जखम भरून आणणारं तेल न धुतलेल्या जखमेवर जातं. आत माती आणि वर तेलाचा थर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका लागतो, पू होतो आणि बोल पाल्याला लागतो. वैद्यकीच्या भाषेत शोधन आधी, रोपण नंतर. म्हणजे आधी जखम स्वच्छ करायची, मग भरून आणायची. खालचे टप्पे त्याच क्रमानं आहेत. तेल मात्र जखम होण्याआधीच करून ठेवायचं असल्यानं त्याची कृती सुरुवातीला घेतली आहे.

## आधी हे वाचा: या जखमांवर घरचं औषध नाही

हा लेख धडधाकट मोठ्या माणसाच्या उथळ खरचटण्यापुरता आणि लहान कापण्यापुरता आहे. पुढच्या जखमा थेट दवाखान्यात न्यायच्या:

- दहा मिनिटं सलग दाबूनही रक्त थांबत नाही, किंवा ते उसळून येतं.
- जखमेचे काठ उघडे राहतात किंवा आत पिवळी चरबी दिसते. अशा जखमेला टाके लागतात आणि ते पहिल्या सहा-आठ तासांत पडलेले बरे. सकाळी कोयता लागला आणि संध्याकाळी वाहन मिळालं म्हणून तेव्हा निघालो, असं करू नका.
- खिळा, काटा किंवा तार खोल गेली आहे. वरून भोक लहान दिसतं, घाण तळाशी असते.
- जखम चेहऱ्यावर, सांध्यावर (नुसतं वरवर सोललेलं सोडून) किंवा तळहातावर आहे, किंवा जखमेच्या पुढचं बोट बधिर पडलंय, वाकत नाही.
- कुत्रा, मांजर, माकड किंवा रानातलं अस्वल चावलंय, ओरबाडलंय. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. त्यावर तेल, चुना, मिरची काहीही लावू नका. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.
- साप चावलाय. इथं पाला, चिरा, आवळून बांधणं यातलं काहीच नको. १०८ ला फोन करा.
- रुग्णाला मधुमेह आहे आणि जखम पायाला आहे, मग ती कितीही लहान असो.

धनुर्वाताबद्दल: तेलानं, हळदीनं, काढ्यानं धनुर्वात टळत नाही, त्याला लसच लागते. लहान, स्वच्छ जखम असेल आणि शेवटच्या डोसला दहा वर्षं होऊन गेली असतील तर डोस घ्यावा. माती किंवा शेण लागलेल्या जखमेला हीच मर्यादा पाच वर्षांची. शेवटचा डोस कधी घेतला ते आठवत नसेल तर घेतलाच नाही असं धरून चाला.

## टप्पा १: सामान जमवणं

पाव लिटर तेलासाठी:

- तिळाचं घाण्याचं तेल: २५० मिली
- कडुनिंबाची ताजी पानं, देठ काढून: ५०० ग्रॅम
- पाणी: ४ लिटर
- हळदीचं कांड, ज्येष्ठमध, मंजिष्ठ: प्रत्येकी २० ग्रॅम

मलम करायचं असेल तर शंभर मिली तेलाला १५ ग्रॅम मधमाशीचं मेण. धुण्याच्या काढ्यासाठी पंचवल्कलाची, म्हणजे पाच झाडांच्या सालींची, भरड वेगळी ठेवायची. तिची कृती टप्पा ७ मध्ये आहे.

सीमाभागात सामान आणताना भाषेचा एक सापळा असतो. तिळाला कन्नडमध्ये एळ्ळू म्हणतात, कारळ्याला गुरेळ्ळू. घाण्यावर दोन्ही तेलं निघतात. गडबडीत अर्धाच शब्द कानावर पडला तर बाटलीत कारळ्याचं तेल येतं. वास घेऊन घ्या. तसंच बेवू म्हणजे कडुनिंब आणि करिबेवू म्हणजे कढीपत्ता. निरोप पाठवताना 'कहि बेवू' (कडू बेवू) असं स्पष्ट सांगा. बकाण नावाचं झाडही निंबासारखंच दिसतं, पण त्याच्या पानाच्या दांड्याला पुन्हा फांद्या फुटून त्यावर पानं येतात. कडुनिंबाची पानं एकाच दांड्यावर दोन्ही बाजूंनी ओळीत असतात.

हळद रायबाग-चिकोडीकडं शेतातच होते, त्यामुळे कांड मिळवणं अवघड नाही. बाजारची पूड घेऊ नका. तिच्यात रंगाची भेसळ होते आणि जखमेत रंग घालण्यात अर्थ नाही. कांड फोडून बघा. आत गडद केशरी, शिंगासारखं चमकदार दिसलं पाहिजे. पांढुरकं, पिठाळ कांड बाजूला टाका. कांडं शिजवून मग खळ्यावर वाळत घालतात, म्हणजे शिजताना जंतू मेले तरी जमिनीवर नवे चिकटतात. म्हणून कांडं ब्रशनं घासून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून मगच कुटायची.

तेल रिफाइन्ड नको. खोबरेल चालतं, पण बेळगावच्या थंडीत ते गोठतं आणि पट्टीवर सारखं पसरत नाही. करंजाचं तेल बैलाच्या खांद्याला लावतात, म्हणून ते माणसाच्या उघड्या जखमेलाही चालेल असं धरू नका.

तपासणी: ज्येष्ठमधाची काडी चावली की गोड लागते. मंजिष्ठेची काडी पाण्यात घासली की लालसर रंग सुटतो. यातलं काही होत नसेल तर माल जुना किंवा दुसराच आहे.

## टप्पा २: निंबाचा काढा

रुंद तोंडाचं स्टीलचं पातेलं घ्या. आधी त्यात मोजून १ लिटर पाणी घाला, लाकडी काठी उभी बुडवा आणि पाणी लागलं तिथं चाकूनं खूण करा. हा एवढासा खटाटोप टाळला की काढा अंदाजानं उतरवला जातो, आणि तो अंदाज बहुधा चुकतो. मग आणखी ३ लिटर पाणी आणि धुतलेली, हातानं चुरडलेली पानं घाला. झाकण न ठेवता मध्यम आचेवर उकळू द्या. पाणी काठीवरच्या खुणेला आलं की उतरवा. खूण बघताना पानं एका बाजूला सारा, नाहीतर पातळी फुगून दिसते. दोनपदरी सुती कापडातून गाळा आणि चोथा पिळा.

प्रमाणामागचा हिशेब सोपा आहे. तेल सिद्ध करताना औषधी चटणीच्या चौपट तेल आणि तेलाच्या चौपट द्रव धरतात, म्हणजे १, ४ आणि १६. इथं चटणी (हळद, ज्येष्ठमध, मंजिष्ठ मिळून) ६० ग्रॅम, तेल २५० मिली आणि काढा १ लिटर. जास्त तेल करायचं असेल तर तिन्ही आकडे एकाच पटीनं वाढवा. 'गुण जास्त येईल' म्हणून चटणी दुप्पट घातली तर ती तळाला लागते आणि तेल पिऊन बसते.

## टप्पा ३: तेल शिजवणं

हळद, ज्येष्ठमध आणि मंजिष्ठ कुटून, चाळून, थोड्या पाण्यात भिजवून घट्ट गोळा करा. हा कल्क, म्हणजे वर सांगितलेली चटणी. तेल शिजवायचं पातेलं एकूण ऐवजाच्या तिप्पट मोठं हवं, कारण शेवटी फेस चढतो.

१. तेल मंद आचेवर तापवा. वर आलेले बुडबुडे विरले की गॅस बंद करा आणि तेल कोमट होऊ द्या.

२. कोमट तेलात कल्काचा गोळा सोडा, मग काढा हळूहळू ओता. तापलेल्या तेलात काढा कधीही ओतू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि उकळतं तेल अंगावर उडतं. जखमेचं औषध करताना भाजून घेणारे दरवर्षी निघतात.

३. आता आच मंद. पहिले दोन तास अधूनमधून ढवळलं तरी चालतं. पाणी कमी होत आलं की चटणी तळाला बसू लागते. तिथून पुढं उलथनं हातातून सोडू नका.

४. घाई नको. साधारण तीन-चार तास लागतात. काम अर्धवट सोडून दुसऱ्या दिवशी पुढं चालू केलं तरी बिघडत नाही, जुन्या पद्धतीत तसंच करतात. मोठ्या आचेवर तासाभरात उरकलं तर वरचं पाणी जातं, कल्काच्या आतला ओलावा तसाच राहतो.

## टप्पा ४: तेल झालं की नाही?

सगळ्यात जास्त तेलं इथंच बिघडतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

पाणी असेपर्यंत पातेल्यात मोठे, जड बुडबुडे येतात आणि गडगड आवाज होतो. पाणी संपत आलं की आवाज बारीक होतो, तडतड सुरू होते, मग तीही थांबते आणि तेलावर बारीक पांढरट फेस चढतो. तेलाची खूण म्हणजे फेस येणं. (तुपाचं उलट असतं. तूप सिद्ध झालं की फेस विरतो.)

फेस दिसला की उलथन्यानं थोडा कल्क काढा, फुंकर मारून निववा आणि अंगठा-तर्जनीत वळा.

- बोटांना चिकटतो, वात वळत नाही: कच्चं आहे. पुन्हा आचेवर.
- मऊ वात वळते, बोटांना चिकटत नाही: तयार. लगेच उतरवा.
- वात वळताना तुटते, कल्क रवाळ लागतो: थोडं पुढं गेलंय. बाहेरून लावायला चालतं.
- काळा पडलाय, जळका वास येतो: टाकून द्या. तेल वाया जातंय म्हणून गाळून ठेवू नका. करपलेले कण जखमेत चुरचुरतात.

दुसरी परीक्षा वातीची. वळलेली वात चिमट्यात धरून, पातेल्यापासून लांब, दिव्याच्या ज्योतीवर धरा. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. शांत जळली तर पाणी संपलंय. दोन्ही परीक्षा करा. फेसावर एकट्यावर विसंबू नका, कारण आच मोठी असेल तर फेस लवकरही दिसतो.

पाणी राहिलं तर काय होतं? महिन्या-दोन महिन्यांत तेलाला आंबूस वास येतो, तळाशी गढूळ थर बसतो, कधी बुरशी धरते. वरचं तेल स्वच्छ दिसतं आणि माणूस तेच वापरत राहतो.

## टप्पा ५: गाळणं, भरणं, मलम

तेल गरम असतानाच स्वच्छ वाळलेल्या दोनपदरी कापडातून गाळा. कल्क जोरानं पिळू नका, बारीक कण खाली येतात. झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं नितळ तेल अलगद ओतून घ्या. तळाचा चमचाभर गाळ टाका. हाती दोनशे मिलीच्या आसपास तेल येतं.

काचेची बाटली आणि झाकण पंधरा मिनिटं पाण्यात उकळा आणि पूर्ण वाळवा. ओली बाटली म्हणजे टप्पा ४ ची सगळी मेहनत पाण्यात. बाटलीवर तारीख लिहा. घरी केलेलं तेल सहा महिन्यांपलीकडं जखमेवर वापरू नये असं आमचं मत आहे. उरलेलं टाचांच्या भेगांना लावून संपवा.

मलम हवं असेल तर १०० मिली तेल मंद आचेवर गरम करून त्यात १५ ग्रॅम मेण विरघळवा आणि घट्ट होईपर्यंत ढवळत राहा. मेणबत्तीचं मेण चालत नाही, ते खनिज तेलातून येतं. मेण विकणारा 'पिवळं आहे म्हणजे मधमाशीचंच' म्हणेल. चिमूटभर बोटांत मळून बघा. खऱ्याला मधाचा मंद वास येतो आणि ते ऊबेनं मऊ होतं.

मर्यादा: हे तेल जंतूविरहित नाही. दवाखान्यातलं निर्जंतुक मलम आणि घरचं तेल एकच समजू नका. जात्यादी हे जखमेचं आयुर्वेदिक तेल तर घरी करूच नका. त्यात मोरचूद पडतं आणि त्याची शुद्धी किंवा माप चुकलं तर ते कातडी जाळतं. ते विकत घ्या.

तपासणी: पहिल्यांदा वापरण्याआधी दोन थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि चोवीस तास थांबा. काहींना हळदीचीही ॲलर्जी असते.

## टप्पा ६: जखम झाली. पहिली तीस मिनिटं

इथं औषध नाही, फक्त दाब आणि पाणी.

आधी स्वतःचे हात साबणानं धुवा. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून घट्ट दाबा, अवयव वर उचलून धरा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं सोडू नका. दर मिनिटाला कापड उचलून 'थांबलं का' बघणं ही सगळ्यात साधी आणि सगळीकडं होणारी चूक आहे. बसत आलेली गुठळी प्रत्येक वेळी उपटली जाते.

रक्त थांबल्यावर धुणं. प्यायचं स्वच्छ पाणी उकळून निवलेलं असलं तर उत्तम, नसेल तर नळाचं वाहतं पाणी. मिठाचं पाणी करायचं असेल तर १ लिटरला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. मूठभर मीठ घालून 'खारानं जंतू मरतात' म्हणणाऱ्यांनी ते आधी स्वतःच्या डोळ्यात घालून बघावं.

नुसतं पाणी ओतून माती निघत नाही, धार हवी. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीच्या झाकणाला सुईनं तीन-चार भोकं पाडा, बाटली दाबा, आणि धार जखमेच्या मध्यातून बाहेरच्या बाजूला जाऊ द्या. किमान अर्धा लिटर पाणी एका लहान जखमेला, सोललेल्या गुडघ्याला एक लिटर. उरलेला खडा उकळलेल्या चिमट्यानं काढा. घासून निघत नसेल तर डॉक्टरांकडं.

नको: स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉलचं दाट पाणी जखमेच्या आत. जंतूंसोबत नव्यानं वाढणाऱ्या पेशीही मरतात आणि जखम रेंगाळते. साबण जखमेच्या भोवती, आत नाही. (चाव्याला मात्र आतही साबणच. तिथला धोका वेगळा आहे.)

तपासणी: पाणी खाली पांढऱ्या ताटात पडू द्या. शेवटच्या पाण्यात एकही मातीचा कण नसला की धुणं झालं.

### एकदांडी कधी चालते

एकदांडी, दगडी पाला, कंबरमोडी ही एकाच झाडाची नावं. पाल्याच्या रसानं बारीक रक्तस्राव लवकर थांबतो, हे खरं. पण ती वापरायची धुतलेल्या खरचटण्यावर, फुटलेल्या घावावर नाही.

ओळख: जमिनीलगत पसरलेलं रोप, समोरासमोर येणारी केसाळ दातेरी पानं, वीतभर उंच सरळ दांड्याच्या टोकाला एकच फूल, मध्यभाग पिवळा आणि कडेला चार-पाच फिकट पाकळ्या. हिच्याच शेजारी काँग्रेस गवत उगवतं. त्याची पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली आणि फुलं पांढरी, बारीक, झुपक्यानं. ते चोळलं तर अंगाला खाज सुटते.

आणि पाला कुठून तोडता ते बघा. उसाच्या बांधावर, निपाणीकडं तंबाखूच्या रानात, अथणीकडं द्राक्षबागेत फवारणी झालेली असते, आणि तणनाशक मारतात ते याच तणांवर. हिरवीगार दिसणारी एकदांडी कालच फवारलेली असू शकते. परसात एका कुंडीत लावून ठेवा, ती विनाकाळजी वाढते.

पंधरा-वीस पानं तीनदा धुवा, शेवटचं पाणी उकळून निवलेलं. उकळत्या पाण्यानं विसळलेल्या खलबत्त्यात ठेचून, उकळून वाळवलेल्या कापडातून रस पिळा. पाच-सहा थेंब टाकून, वर गॉज ठेवून पाच मिनिटं दाबा, मग पुन्हा पाण्यानं धुवा. चोथा जखमेवर बांधून ठेवू नका. आणि पाला तोंडात चावून लावू नका. तोंडात जंतू असतात, तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात तर तंबाखूही.

## टप्पा ७: धुण्याचा काढा, दुसऱ्या दिवसापासून

वड, पिंपळ, उंबर, पायर आणि पारस पिंपळ या पाच सालींची भरड म्हणजे पंचवल्कल. कन्नड दुकानात अनुक्रमे आल, अरळी, अत्ती, बसरी, हूवरसी. सालीत तुरट द्रव्य असतं, ते जखमेचा पाझर आवरतं. देवळासमोरच्या पिंपळाला कुणी हात लावू देत नाही, ते बरंच आहे. पाचांतल्या तीन साली मिळाल्या तरी काम होतं. साल छाटलेल्या फांदीची घ्या. खोडाची गोल साल काढली तर झाड मरतं.

प्रमाण: भरड ५० ग्रॅम, पाणी ८०० मिली, आटवून २०० मिली.

भरड म्हणजे जाडसर रवा. बारीक चूर्ण वापरलं तर ते कापडातून गळतं आणि जखमेत चिखलासारखं बसतं. काढा तीनदा गाळा. लोखंडी कढई नको. सालीतलं तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून काळी शाई होते आणि जखमेचा रंगच कळेनासा होतो. स्टील वापरा.

काढा कोमट करून बाटलीच्या धारेनंच वापरा. सकाळी केलेला संध्याकाळपर्यंत चालेल, रात्री फेकून द्या. हा पातळ सुगंधी गूळपाण्यासारखा दिसतो म्हणून फ्रीजमध्ये चार दिवस ठेवणारे असतात. चार दिवसांचा काढा म्हणजे जंतूंची खानावळ.

पाझर थांबला, पृष्ठभाग गुलाबी दिसू लागला की काढा बंद करून साध्या मिठाच्या पाण्यावर या. रोज तुरट काढा चालू ठेवला तर जखम कोरडी पडून तडकते.

## टप्पा ८: तेलाची पट्टी

तेल सुरू करायची वेळ जखम सांगते, कॅलेंडर नाही. रक्त नाही, पू नाही, वास नाही, माती नाही, आणि धुताना पृष्ठभाग लालसर गुलाबी. बहुतेक वेळा हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतं. तोवर मिठाच्या पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ गॉज आणि वर सैल पट्टी पुरे.

१. हात धुवा, जखम धुवा, भोवतालची कातडी टिपून कोरडी करा. जखम घासू नका.

२. तेल थेट बाटलीतून जखमेवर सोडू नका. बाटलीचं तोंड जखमेला लागलं की सगळी बाटली दूषित झाली. उकळलेल्या चमच्यात काढून घ्या.

३. औषधाच्या दुकानात मिळणारा निर्जंतुक गॉज जखमेच्या मापाचा कापा. दोन सेंटीमीटरच्या जखमेला चार-पाच थेंब. गॉज नुसता ओशट व्हावा, थेंब गळू नये. जास्त तेलानं काठची कातडी पांढरी, सुरकुतलेली होते.

४. वर कोरडा गॉज आणि पट्टी. बोट पट्टीखाली सहज सरकेल इतकी सैल.

५. रोज एकदा बदला. पट्टी ओली झाली, घामानं भिजली तर लगेच.

चिकटलेला गॉज ओढू नका. उकळून निवलेल्या पाण्यानं पाच मिनिटं भिजवा. ओढला की नव्यानं आलेला पातळ थर त्याच्यासोबत निघतो आणि जखम दोन दिवस मागं जाते.

'उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरू दे' हा सल्ला घरातली मोठी माणसं प्रेमानं देतात. उथळ जखम झाकलेली आणि किंचित ओलसर राहिली तर लवकर भरते. गोठ्यात आणि शेतात उघड्या जखमेवर वाऱ्याआधी माशी बसते.

## टप्पा ९: रोज काय बघायचं

चांगली जखम डाळिंबाच्या दाण्यासारखी दिसते, लालसर, ओलसर, बारीक दाणेदार. काठावरून फिकट कातडीची कड आत सरकते. थोडा पातळ, स्वच्छ पाझर असतो. दुखणं रोज कमी होतं.

लाली पसरतेय अशी शंका आली तर तिच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारा. सहा तासांनी लाली रेघेबाहेर गेली असेल तर तेल बंद, दवाखाना. तसंच दोन दिवसांनंतर वाढणारा ठणका, दाट पू, वास, ताप, जखमेपासून वर चढणारी लाल रेघ, किंवा काखेत-जांघेत अवधाण आलं तरीही. तिथं जाताना कोणता पाला, कोणतं तेल लावलं ते सांगा आणि तेलाची बाटली सोबत न्या. लाजून लपवलं तर डॉक्टर हळदीच्या पिवळ्या डागाला पू समजतील.

जबडा आखडला, गिळायला त्रास झाला तर वाट न बघता १०८.

## जखमेत कधीही न घालायच्या वस्तू

हळदपूड कोरडी दाबून: कडक कवच धरतं, खाली पू साठतो, वरून सगळं ठीक दिसतं. हळद तेलातून द्यायची ती याचसाठी.

तंबाखू: निपाणी पट्ट्यात हा उपाय जुनाच. पानावर माती, बुरशी, फवारा सगळं असतं आणि निकोटिन जखमेतून अंगात जातं.

शेण, राख, चुलीतली माती: धनुर्वाताचे बीज मातीत आणि शेणातच असतात.

चुना, बिब्बा: दोन्ही कातडी जाळतात. बिब्ब्याचा फोड मूळ जखमेपेक्षा मोठा होतो.

चहापूड, कॉफी, कोळ्याचं जाळं, डिझेल, टूथपेस्ट: धुताना निघत नाहीत आणि टाके घालणाऱ्याचा अर्धा तास खातात.

रानातला मध: मध जखमेला चालतो हे खरं, पण दवाखान्यात वापरतात तो किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. जांबोटीच्या रानातला सातेरी मध कितीही अस्सल असला तरी तो चाखायला ठेवा.

भाजलेल्या कातडीला हे सगळे टप्पे लागू नाहीत. गुऱ्हाळावर काकवी उडाली तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा आणि थंड होईपर्यंत तूप-तेलाला हात लावू नका, आत उष्णता कोंडते. फोड फोडू नका. तळहातापेक्षा मोठं भाजलं असेल तर झाकून दवाखान्यात न्या.

## तेल कधी थांबवायचं

कातडी पूर्ण मिटली, दाबल्यावर ओल येत नाही, की पट्टी सोडा. त्यानंतर दोन आठवडे रात्री दोन थेंब तेल बोटानं हलकं चोळा आणि दिवसा ती जागा उन्हापासून झाका, नाहीतर डाग काळा राहतो. ऊसतोडीला परत जाणाऱ्यानं पूर्ण बाहीचा सदरा आणि हातमोजे घालावेत. नवी कातडी पाचटाच्या कडेला पहिल्याच दिवशी फाटते. सात-आठ दिवसांत जखम आकारानं कमी झाली नसेल तर तेल बदलू नका, पाल्याची दुसरी जातही शोधू नका. रक्तातली साखर तपासून घ्या.